खाद्य बंद करू की धान्य?

पुण्याजवळच्या धायरीहून आलेलं पत्र चांगलं सहा पानी आहे, म्हणून त्यातलं मुख्य तेवढं इथं देतो. वडिलांची पिठाची गिरणी होती. तिच्या शेजारचा गाळा घेऊन या वाचकांनी चार वर्षांपूर्वी सेंद्रिय धान्याचं दुकान टाकलं. पुढं त्यालाच जोडून पशुखाद्य सुरू केलं, कारण खडकवासल्याच्या अंगाला गावरान कोंबड्या आणि दोन-चार गाई पाळणारे बरेच. आता त्यांच्याच शब्दांत:

"मार्चमध्ये सहा-साडेसहा लाखांचा माल एकदम भरतो, त्यातले चार लाख पतसंस्थेचे, १३ टक्क्यांनी. आषाढापर्यंत दुकान झकास चालतं. मग गव्हा-ज्वारीत सोंडे निघतात, गिऱ्हाईक पिशव्या परत आणून टाकतं आणि नेमके तेव्हाच खाद्य घेणारे गायब होतात. दसऱ्यानंतर ते येतात, तर माझ्याकडं माल भरायला पैसा नसतो. बायको म्हणते, खाद्य बंद करा. भाऊ म्हणतो, धान्य बंद कर. सासरे म्हणतात, पोत्यात गोळ्या टाका, कोण बघतंय! गाळ्यात अजून अकरा पोती किडका गहू आहे. तो खाद्यात घातला तर चालेल का?"

नमस्कार. सासरेबुवांचं आधी निकालात काढू. ज्या गोळ्यांबद्दल ते बोलताहेत त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. किडा मरतो तो त्यानं, आणि माणूसही त्यानंच मरतो. तुमचा गाळा राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे, वर बिऱ्हाडं आहेत. बंद खोलीत धान्याला ठेवलेल्या गोळ्यांमुळं घरातली माणसं, लहान मुलं गेल्याच्या बातम्या आपल्याकडं नव्या नाहीत. शिवाय हे औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यानंच वापरायचं, असा नियम आहे. सेंद्रिय मालाला तर ते मुळातच वर्ज्य. त्यामुळं "कोण बघतंय" हा प्रश्नच येत नाही. सासरेबुवांना हे मऊ शब्दांत सांगायचं की कडक, ते तुम्ही घरचं घरात ठरवा.

आता सोंड्यांकडं येतो, कारण तुमच्या पैशाची गाठ तिथंच बसली आहे. मार्च-एप्रिलमध्ये माल स्वच्छ दिसतो आणि आषाढात एकाएकी किडे निघतात, हे कोडं तुम्हाला पडलंय. किडे पावसात येत नाहीत, ते मालाबरोबरच येतात. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा खाते, आतच कोष होतो, आणि बाहेर पडतो तो थेट पूर्ण वाढलेला किडा. उबदार हवेत या सगळ्याला महिनाभर पुरतो. एक मादी शे-दोनशे अंडी सहज घालते. म्हणजे खळ्यावरून दोन-चार किडलेले दाणे आले, तर दोन-तीन पिढ्यांत, ऐन आषाढात, पोतं हलायला लागणारच. ओलावा नऊ टक्क्यांच्या खाली असेल तर त्यांची वाढ जवळपास थांबते. पावसाळी हवेत उघडं बारदान ओलावा ओढून घेतं आणि त्यांचं फावतं.

जाता जाता एक. "किडा लागला म्हणजे माल अस्सल सेंद्रिय" असं तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता, हे पत्रात थोड्या अभिमानानं लिहिलंय. कृपा करून ते बंद करा. शेतात चार फवारण्या झालेल्या गव्हालाही गोदामात सोंडे लागतात. किडा प्रमाणपत्र वाचत नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे मोजून माल घ्यायचा. ओलावा मोजायचं यंत्र काही हजारांत येतं. चार लाखांचं कर्ज काढणाऱ्यानं ते घ्यायलाच हवं. यंत्र येईपर्यंत जुनी युक्ती: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर खडखडीत कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा, मग थोडं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर आहे, पोतं परत पाठवा. मीठ सुटं राहिलं म्हणजे माल साठवणीला योग्य, असं मात्र नाही. साठवायची ज्वारी-गहू १० टक्क्यांच्या आसपास हवा, दाताखाली कटकन फुटणारा. यातला पैशाचा भाग लक्षात घ्या. १४ टक्क्यांचा माल वाळवून १० टक्क्यांवर आणला, तर क्विंटलामागं साडेचार किलोच्या आसपास घट येते. ती आज तुमच्या खिशातून जाते, कारण भाव ठरवताना ओलाव्याचं नावच निघत नाही. यंदा १० टक्क्यांचा भाव वेगळा आणि १४ चा वेगळा, असं शेतकऱ्याशी आधीच बोलून घ्या. शहाणा शेतकरी स्वतः वाळवून आणेल, कारण उन्हाला पैसे पडत नाहीत.

ऊन कसं द्यायचं तेही सांगतो, कारण निम्म्या लोकांचं इथंच चुकतं. चैत्र-वैशाखात गच्चीवर काळा प्लास्टिकचा कागद अंथरा, त्यावर धान्याचा दोन बोटं जाडीचा थर, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि कडा विटांनी दाबून घ्या. आतलं तापमान पन्नास-पंचावन्नच्या वर जातं, आणि तितकी उष्णता काही तास टिकली की दाण्याच्या आतलं अंडं-अळीही वाचत नाही. (पेरणीचं बियाणं कुणी यात घालू नका, उगवण घटू शकते.) संध्याकाळी वरचा कागद काढून धान्य पूर्ण निवू द्या. गरम माल तसाच भरला की रात्रीतून पोत्याला आतून घाम सुटतो आणि दिवसभराच्या कामावर पाणी पडतं. निवलेला माल चाळून हवाबंद पिशवीत भरायचा. आत जाड प्लास्टिकची पिशवी, बाहेरून नेहमीचं पोतं, अशी ५० किलोची जोडी मिळते. तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधलं की आतला उरलासुरला किडा प्राणवायू संपवतो आणि स्वतःच मरतो. अट एकच: माल कोरडा हवा. ओला माल हवाबंद केलात तर आंबेल. पिशव्यांची थप्पी लाकडी फळ्यांवर लावा, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून. उंदरानं एक भोक पाडलं तरी सगळा खेळ खलास, तेव्हा गाळ्याच्या दाराखालची फट आजच बुजवा. आणि एकदा पिशवी फोडली की ती पंधरवड्यात संपवायची.

सगळा माल एकाच रीतीनं ठेवता येत नाही. भात साळीत टिकतो, तांदूळ करून ठेवला की लवकर किडतो. म्हणून मावळातला इंद्रायणी घेताना साळ घ्या आणि महिन्याच्या खपापुरता भरडून आणा. डाळींचं उलटं आहे. अख्ख्या तुरीला, हरभऱ्याला, मुगाला भुंगेरा लागतो, भरडून डाळ केली की त्याचा बराच त्रास वाचतो. बाजरी दाण्यात ठीक राहते, पण दळली की तिच्यातलं तेल बिघडून आठवडाभरात पीठ कडवट लागायला लागतं. तुमची गिरणी शेजारीच आहे, हा मोठा फायदा. बाजरीचं तयार पीठ पुडीत भरून मांडू नका, समोर दळून द्या.

आता खरेदी. सहा-साडेसहा लाखांचा माल एकदम भरायचा कुणी सांगितलंय तुम्हाला? चार लाखांवर १३ टक्क्यांनी महिन्याला ४,३०० रुपयांच्या वर नुसतं व्याज जातं, आणि पावसाळ्याचे चार महिने तुम्ही ते ज्या मालावर भरता तो माल आतून पोखरला जात असतो. यंदा मार्चमध्ये फक्त जूनअखेरपर्यंत विकेल तेवढंच उचला. बाकीचा माल शेतकऱ्याच्या घरीच, पण तुमच्या हवाबंद पिशव्यांत, तुमच्या चिठ्ठ्या लावून राहू द्या. त्याला २५-३० टक्के इसार द्या आणि ठेवणीचे म्हणून महिन्याला क्विंटलामागं ठरावीक रक्कम. दुसरी उचल नारळी पौर्णिमेच्या आधी, तिसरी दसऱ्याला. शिरूर, पुरंदर, इंदापूर भागात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, करणाऱ्या शेतकऱ्याच्या माळ्यावर जेवढी कोरडी जागा आहे, तेवढी तुमच्या गाळ्यात जन्मात होणार नाही.

यावर कुणीतरी तुम्हाला पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेचं नाव सुचवेल. १९९०-९१ पासून चालू असलेली चांगली योजना आहे: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने मुदत. पण ती शेतकऱ्याच्या मालाला आहे, व्यापाऱ्याच्या नाही. आणि तुमच्या शेतकऱ्यानं घ्यायची म्हटली तरी गोम आहे. सामाईक गोदामात धुरी देतात ती याच फॉस्फीनची. चार महिन्यांनी बाहेर आलेल्या धान्याला मग सेंद्रिय म्हणायचं कोणत्या तोंडानं? नेहमीच्या मालाला योजना उत्तम, तुमच्या मालाला नाही.

उधारीचं ओझं कमी करायचा दुसरा रस्ता तुमच्या गिऱ्हाइकातून जातो. पुण्यात अजूनही वर्षाचं धान्य भरणारी घरं आहेत. कोथरूड-सहकारनगरच्या जुन्या सोसायट्यांत चैत्रात गव्हाला एरंडेल चोळण्याचा कार्यक्रम बंद पडलेला नाही. पण नव्या फ्लॅटमध्ये कोठी ठेवायला जागा नाही, म्हणून बरीच घरं महिन्याच्या पाच किलोवर आली. तुम्ही संक्रांतीलाच नोंदणी सुरू करा. जो वर्षाचा माल एकदम नेईल त्याला किलोमागं दोन-चार रुपये कमी, जो तीन हप्त्यांत नेईल त्याला पूर्ण भाव, पण दोघांकडून आगाऊ चौथाई रक्कम. संक्रांतीला बाजरी आणि तीळ घ्यायला लोक येतातच, तेव्हा वही काउंटरवर उघडी असू द्या. माल गुढीपाडव्यानंतर. पाऊस पुण्यात एरवी १० जूनच्या आसपास येतो, पण २०२५ साली तो २६ मेलाच दाखल झाला होता आणि त्याआधीचा मे महिनाही ओलाच गेला, हे तुम्ही भोगलंय. म्हणून घरपोच पोती वैशाख निम्मा होईतो गेलीच पाहिजेत. मृगाची वाट बघत बसू नका.

आणि आषाढ-श्रावणात दुकान थोडं रिकामं दिसलं तर दिसू द्या. वरई, राजगिरा, नाचणी, डाळी, ताजं दळलेलं पीठ, एवढ्यावर ते महिने निघतात. बारा महिने बारा प्रकार मांडायची हौस मॉलला परवडते.

आता खाद्य. बायको म्हणते बंद करा, भाऊ म्हणतो धान्य बंद कर. माझ्या मते दोघांचं चुकतंय, पण बायकोचं कमी. तुमच्या यादीत खाद्याचा निम्मा माल बाहेरून विकत आणलेला आहे: सरकी पेंड, तयार मिश्र खाद्याची पोती, सोयापेंड. त्यावर तुम्ही "सेंद्रिय" ची चिठ्ठी लावता. ही चिठ्ठी खोटी आहे, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी. बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, कापसाला आपल्याकडं २००२ साली परवानगी मिळाली, आज कापसाचं नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र त्याचंच आहे, आणि सेंद्रिय नियमात जनुकीय बदल केलेलं काहीच चालत नाही. सरकी पेंड तिथंच बाद. जीएम, म्हणजे असंच जनुकीय बदल केलेलं, सोयाबीन आपल्याकडं पिकत नाही हे खरं, पण ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती. तेव्हा पेंड कुठली हे विचारावंच लागतं. शिवाय बाजारातली बहुतेक सोयापेंड सॉल्व्हंट प्लांटमधली, म्हणजे हेक्झेन नावाच्या रसायनानं तेल काढून घेतलेली. तयार मिश्र खाद्यात युरिया असू शकतो. हा सगळा माल बंद करा. त्यात तुमचं भांडवल अडकतं, फायदा तुटपुंजा, आणि कधीतरी एखादा जाणता गोठेवाला चारचौघांत विचारणार.

ठेवायचं ते खाद्य तुमच्याच चाळणीखाली पडतं. धान्य नीट चाळून, पाखडून विकायचं ठरवलंत की बारीक दाणा, तुकडा, गिरणीचा कोंडा, तांदळाची कणी, डाळ भरडताना निघणारी चुनी असा माल निघतो. आज तुम्ही तो कुणालाही देऊन टाकता. त्यात मक्याचा भरडा आणि लाकडी घाण्यावरची करडईची पेंड घातली की कोंबड्यांचं आणि दुभत्या जनावराचं साधं, इमानदार खाद्य होतं. लाकडी घाणे पुण्यात आता गल्लोगल्ली झालेत. बी कुठलं घेतात ते विचारून एखादा धरून ठेवा. अशा खाद्याला वेगळं भांडवल लागत नाही, आणि चाळणीत जाणारी घट भरून निघते. म्हणून म्हणतो, खाद्य बंद करू नका. दोन धंदे आहेत असं समजून दोन्हीकडं पैसे ओतणं बंद करा.

मात्र चाळणीखालचं सगळंच खाद्य नसतं. बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस झाला तर कणसात अरगट नावाचा बुरशीचा रोग होतो, त्याचे काळपट लांबट गोळे चाळणीखालीच जमतात. तो विषारी. धोतऱ्याचं बीही तसंच. हे हातानं निवडून जाळायचं. हे निवडायला गिरणीवरच्या मावशींना वेगळे पैसे द्या.

खाद्यवाले आषाढानंतर का गायब होतात, हेही तुम्ही विचारलंय. तुमच्या पाठीमागं कुणी कारस्थान करत नाहीये. आषाढ अमावास्येपर्यंत गावरान कोंबडे विकले जातात, मग श्रावण लागतो, पाठोपाठ गणपती, नवरात्र. घरोघरी मांस-अंडी बंद. पाळणाऱ्याकडं पक्षी कमी, अंड्यांना उठाव नाही, मग तो खाद्य कशाला भरेल? गाईवाल्याला बांधावर हिरवं गवत फुकट मिळतं. आणि उन्हाळ्यात कोंबड्या पाणी जास्त पितात, खातात कमी. म्हणजे कोंबडीखाद्याचा खरा मोसम दसरा ते होळी. तेवढ्यासाठीच मका घ्या, तोही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवा माल आल्यावर वाळवून. पावसाळ्यात खाद्य आठवड्याच्या मागणीपुरतंच भरडायचं, साठा शून्य. उन्हाळ्यात गाईवाल्याला हवा असतो कडबा. ज्याच्याकडून शाळू घेता त्याच्याकडूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये शेकड्यावर कडबा ठरवा, गंज त्याच्याच शेतात राहू द्या आणि मेमध्ये टेम्पोनं थेट गोठ्यावर उतरवा. तुमच्या गाळ्यात पेंढी येताच कामा नये.

"सेंद्रिय" या शब्दाबद्दल थोडं. २०१७ चे अन्न सुरक्षा नियम सांगतात की सेंद्रिय म्हणून अन्न विकायचं तर त्यामागं एनपीओपी (केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस (शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची शेती तपासायची पद्धत) यांपैकी एका पद्धतीचं प्रमाणन हवं. स्वतः पिकवून थेट विकणाऱ्या लहान उत्पादकाला सूट आहे; ती उत्पादकाला, दुकानदाराला नाही. "शेतकरी ओळखीचा आहे" हे तुमचं वाक्य मनाला पटतं, कागदावर टिकत नाही. हंगामी पिकाच्या जमिनीला रूपांतराची दोन वर्षं लागतात, तेव्हा तुमच्या शेतकऱ्यांनी आज सुरुवात केली तरी वेळ लागणारच. तोवर पाटीवरून तो शब्द उतरवा आणि त्या जागी गाव, वाण, महिना लिहा: "मालदांडी, अमुक गाव, फाल्गुन". पुण्यातलं गिऱ्हाईक हे वाचतं, आणि विचारतंही.

राहता राहिली अकरा पोती. एकेक पोतं उन्हात पसरा आणि नाकाला लावा. कुबट वास, हिरवट-काळी भुकटी, ढेकळं झालेला गहू दिसला तर ते पोतं शेतात खड्डा करून पुरायचं, कितीही जीव तुटला तरी. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन जनावराच्या पोटात गेलं की त्याचा अंश दुधात उतरतो आणि दूध उकळून तो जात नाही. पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे, दुधात त्याच्या एम१ रूपाची अर्धा मायक्रोग्रॅम. हे डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून संशय आला की पोतं बाद. "गुरांनाच तर घालायचंय" हे बोलणं दुकानात कुणाच्या तोंडून निघता कामा नये.

नुसतेच किडे असतील, बुरशी नसेल, तर चाळा, ऊन द्या आणि कोंबड्यांच्या भरड्यात घाला. भाव खाद्याचा लावा, गव्हाचा नाही, आणि घेणाऱ्याला किडका गहू आहे हे सांगून द्या. आणि ज्यांनी पिशव्या परत आणल्या त्यांची नावं वहीत असतीलच. त्यांना फोन करून पैसे परत हवेत की मार्चमधला नवा गहू, ते विचारा. बहुतेक जण गहू म्हणतील, आणि संक्रांतीच्या नोंदणीत पहिली नावं त्यांचीच लिहून घ्या.